इसहाकाच्या घरातील लबाडी आणि आपली घरे



सामान्य काळातील १३व्या आठवड्यात, शनिवारच्या मिस्सात, दर विषम वर्षी उत्पत्तीच्या पुस्तकातील २७व्या अध्यायाचे वाचन होते. शनिवारी सकाळी जेमतेम दोन-तीन बाके भरतात, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर तो पडतच नाही. पडला तरी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली याकोबाच्या युक्तीची गोष्ट म्हणून आपण तो सोडून देतो. वास्तविक हा अध्याय मोठ्यांसाठी आहे. एका देवभीरू कुटुंबात चार माणसे एकमेकांना कशी फसवतात, याचे इतके उघडे वर्णन पवित्र शास्त्रात क्वचितच सापडेल. आज आपण तो सावकाश वाचू या. बायबल हाताशी घेऊन बसलात तर उत्तम.

इसहाक म्हातारा झाला आहे आणि त्याला दिसेनासे झाले आहे. तो थोरल्या मुलाला, एसावाला एकट्याला बोलावतो आणि सांगतो की शिकार करून माझ्या आवडीचे कालवण कर, मग मी तुला आशीर्वाद देतो. इथे थोडे थांबू या. याच पुस्तकाच्या शेवटी, ४९व्या अध्यायात, याकोब मरणाच्या दारी असताना सर्व मुलांना एकत्र बोलावतो आणि सगळ्यांच्या देखत बोलतो. इसहाकाने तसे केले नाही. त्याने एकाला आत घेतले आणि बाकीच्यांना बाहेर ठेवले. फसवणुकीची सुरुवात रिबेकाने केली असे आपण समजतो, पण घरात पहिली गुप्त गोष्ट म्हाताऱ्या बापाने केली. २५व्या अध्यायात त्याचे कारणही दिले आहे: इसहाकाला शिकारीचे मांस आवडे, म्हणून एसाव त्याचा लाडका. रिबेकाचा लाडका याकोब, पण त्याचे कारण शास्त्राने दिलेले नाही.

रिबेका हे बोलणे ऐकते. ती तावातावाने नवऱ्याकडे जाऊन 'हे काय चालले आहे?' असे विचारू शकली असती. तिच्याजवळ मोठा आधारही होता. जुळी पोटात असताना खुद्द परमेश्वराने तिला सांगितले होते की थोरला धाकट्याची सेवा करील. ती गोष्ट तिने इसहाकाला कधी सांगितली की नाही, याविषयी शास्त्र गप्प आहे. या प्रसंगी मात्र ती नवऱ्याकडे जात नाही. ती धाकट्याकडे जाते आणि म्हणते, दोन करडे आण, मी तुझ्या बापाच्या चवीचे करून देते. शिवाय एसावाचे चांगले कपडे आणि करडांची कातडी हातावर अन् मानेवर! किती बारकाईने विचार केलेला आहे पाहा. असा कट घरातच शिजू शकतो, कारण म्हाताऱ्याला कोणती चव आवडते आणि तो हात लावून काय पाहील, हे बायकोशिवाय कोणाला ठाऊक असणार? बाहेरचा चोर कुलूप तोडतो. घरच्या माणसाला ते तोडावे लागत नाही, किल्ली त्याच्याकडे विश्वासाने दिलेली असते.

आता याकोबाचे उत्तर पाहा, कारण आमच्या मते संपूर्ण अध्यायातील सर्वात बोलके वाक्य तेच आहे. 'आई, हे पाप आहे,' असे तो म्हणत नाही. बापाला फसवू नये, भावाचे घेऊ नये, असेही त्याच्या मनात येत नाही. त्याची अडचण एवढीच की एसाव केसाळ आहे आणि मी गुळगुळीत, बापाने चाचपले तर मी पकडला जाईन. सदसद्विवेकाचा आवाज आणि पकडले जाण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोघींनी छाती सारखीच धडधडते. पापनिवेदनाला येणाऱ्याने स्वतःला विचारून पाहावे: हे कोणाला कधीच कळणार नसते, तरी मला वाईट वाटले असते का?

पुढची शिडी याकोब एकेक पायरी उतरतो. आधी तो नाव खोटे सांगतो. मग बाप विचारतो की इतक्या लवकर शिकार कशी मिळाली, तेव्हा तो परमेश्वराचे नाव मध्ये आणतो: तुझ्या देवानेच ती माझ्यासमोर आणली. तिसऱ्यांदा बाप थेट विचारतो, तू खरोखर एसावच ना? तो हो म्हणतो. शेवटी बाप जवळ बोलावून मुका घ्यायला सांगतो आणि तो घेतो. एक खोटे टिकवण्यासाठी आधी देवाचे नाव, मग प्रेमाची खूण अशा दोन्ही गोष्टी खर्ची पडतात. प्रभूलाही गेथसेमनीच्या बागेत चुंबनानेच धरून दिले होते, हे आपल्याला आठवेल.

एसाव रानातून परत येतो तेव्हा इसहाक थरथर कापतो आणि एसाव मोठ्याने आक्रोश करतो. आपली सहानुभूती साहजिकच त्याच्याकडे जाते. पण तो काय म्हणतो तेही ऐका: याकोबाने माझा ज्येष्ठपणाचा हक्क घेतला आणि आता आशीर्वादही घेतला. दुसरी गोष्ट खरी, पहिली अर्धीच खरी. ज्येष्ठपणा त्याने स्वतः एका वाडगाभर मसुरीच्या डाळीसाठी विकला होता आणि वर शपथही वाहिली होती. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याची स्मरणशक्तीही सोयीची होऊ शकते. वाटणीच्या तंट्यात दोन्ही बाजूंचे ऐकायला बसलेल्या आम्हां धर्मगुरूंना याचा अनुभव वारंवार येतो.

आपल्या पूर्वजाला खोटारडा म्हणायचे कसे, हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या थोर शिक्षकांनाही पडला. संत अगस्तीन यांनी खोटेपणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, एक सुमारे ३९५ साली आणि दुसरा सुमारे ४२० साली. कोणत्याही चांगल्या हेतूसाठी खोटे बोलता येत नाही, असे ते दोन्हींत ठामपणे सांगतात. मात्र याकोबाच्या कृतीकडे ते पुढे येणाऱ्या ख्रिस्ताचे गूढ चिन्ह म्हणून पाहतात. संत थॉमस अॅक्विनास यांनीही हाच मार्ग धरला. ज्येष्ठपणा देवाच्या योजनेने याकोबाचाच होता, त्या अर्थाने त्याचे बोलणे घ्यावे, असे ते म्हणतात. शास्त्राचा गूढार्थ शोधण्याची ही रीत आदरणीय आहे. पण ती वेदीवरच्या प्रवचनात शोभते, घरातल्या कटाला ती ढाल म्हणून वापरता येणार नाही. आम्हांला वाटते की खुद्द उत्पत्तीचे पुस्तकच याकोबाला इतक्या सहज सोडत नाही, आणि ते आपण पुढे पाहूच.

संत थॉमस यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट मात्र रोजच्या उपयोगाची आहे. कृतीचा चांगुलपणा ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या: कृती मुळात कोणती आहे, ती कोणत्या हेतूने केली आणि कोणत्या परिस्थितीत केली. तिन्ही चांगल्या हव्यात. यांतील एक जरी नासली तर कृती नासते, जसे भांडेभर दूध एका थेंब लिंबाने नासते. याचे दोन परिणाम होतात. पहिला, वाईट कृती चांगल्या हेतूने चांगली होत नाही. रिबेकाच्या मनात देवाचे वचन पूर्ण व्हावे अशी इच्छा असेलही, पण आंधळ्या नवऱ्याला फसवण्याला त्यामुळे पुण्याचा रंग येत नाही. दुसरा परिणाम आपण नेहमी विसरतो: चांगली कृतीही वाईट हेतूने बिघडते.

हा दुसरा परिणाम आपल्या घरांत कसा दिसतो? म्हाताऱ्या आईची सेवा तीन मुलांपैकी एक सून करते. औषध वेळेवर, कपडे स्वच्छ, रविवारी रिक्षाने मिस्साला आणणे. सगळे चांगले. पण आईने भेटायला आलेल्या धाकट्या मुलाजवळ दोन शब्द बोललेले तिला चालत नाहीत. फोन आला की 'त्या झोपल्यात' असे उत्तर मिळते. घराचे कागद कोणत्या कपाटात आहेत हे तिघांपैकी एकालाच माहीत असते. ही सेवा खोटी आहे का? सरसकट तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण रात्री-अपरात्री उठणारी तीच आहे आणि बाकीचे दोघे सणाला मिठाई घेऊन येतात. माणसाचा हेतू दुधासारखा एकजिनसी नसतो, त्यात प्रेमही असते, थकवा असतो, मनात धरून ठेवलेला राग असतो आणि डोळ्यांसमोर घरही असते. म्हणून दुसऱ्याचा हेतू ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःचा तपासणे मात्र आपल्यावर बंधनकारक आहे.

प्रभू येशूनेही धर्माचा मुलामा दिलेल्या हेतूवर बोट ठेवले होते. मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'चा उल्लेख येतो. आपली मालमत्ता देवाला वाहिली आहे असे जाहीर केले की मुलाला आईबापांच्या पोटापाण्यातून अंग काढून घेता येत असे. वरवर पाहता केवढी भक्ती! प्रभूने त्याला देवाची आज्ञा मोडणे म्हटले. तसेच लूकच्या १२व्या अध्यायात एक माणूस गर्दीतून पुढे येतो आणि म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभाविषयी बोलू लागतो. त्या माणसाचा हिस्सा न्याय्य नव्हता असे प्रभूने कुठेच म्हटलेले नाही. पण हक्क मागायला आलेल्याच्या मनातही लोभ असू शकतो, एवढे प्रभूला दिसत होते.

जमिनीविषयी आता स्पष्ट बोलणे भाग आहे. जिथे पूर्वी भाजीचे मळे आणि केळीच्या वाड्या होत्या, तिथे गुंठ्याचा भाव आला, आणि जिथे भाव आला तिथे सह्या आल्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला सणासाठी बोलावतात, जेवू घालतात, आणि निघताना म्हणतात, 'बाय, इथे जरा सही कर, सातबारावर नावं लावायची आहेत.' ती हक्कसोडपत्रावर सही करून जाते. आपण काय सोडले, हे तिला दोन वर्षांनी कळते, तेही बिल्डरची पाटी लागल्यावर.

कायदा काय सांगतो हे आपल्यापैकी सर्वांना माहीत असायला हवे. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या विधवेला एक तृतीयांश मिळते आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुलींत समसमान वाटले जाते. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. केरळातील त्रावणकोर भागात हे असे नव्हते. तिथे १९१६च्या एका जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्शाच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या ख्रिस्ती महिलेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने १९२५चाच कायदा तिथल्या ख्रिस्ती लोकांनाही लागू होतो असा निर्णय दिला. बहिणीने आनंदाने हिस्सा सोडला, तर तो तिचा अधिकार आहे आणि कित्येक बहिणी तसे मनापासून करतात. परंतु कागद काय आहे हे न सांगता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. आपल्या देशाच्या करार कायद्यानेही फसवून मिळवलेली संमती रद्द करून घेता येते. मग दहा आज्ञांतील सातवी आणि आठवी आपल्याला काय सांगतात, ते वेगळे लिहायला नको.

फसवणूक जमिनीपुरतीच नसते. लग्न जमवताना मुलाचे व्यसन, मुलीचा आजार, आधीचे लग्न किंवा कर्ज लपवले जाते. 'एकदा लग्न झाले की सगळे नीट होईल,' हे त्यामागचे समर्थन. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या धर्मविधिसंहितेतील १०९८वा नियम सांगतो की, संमती मिळवण्यासाठी मुद्दाम फसवून जोडीदाराचा असा एखादा गुण वा दोष लपवला, जो स्वभावतःच वैवाहिक जीवन गंभीरपणे बिघडवू शकतो, तर तो विवाह अवैध ठरतो. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट साखरपुड्यापूर्वी ध्यानात घ्यावी, नंतर नव्हे.

आणखी एक प्रकार आहे, तो प्रेमापोटी घडतो म्हणून त्याविषयी लिहायला हात जड होतो. आजाऱ्याला भेटायला आम्ही घरी जातो तेव्हा मुलगा दारातच आम्हांला थांबवतो आणि हळूच म्हणतो, 'फादर, बाबांना कॅन्सर आहे हे त्यांना माहीत नाही, तुम्ही काही बोलू नका.' सगळेच सगळ्यांना सांगितले पाहिजे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. जे ऐकण्याचा समोरच्याला हक्क नाही, ते न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, आणि सांगण्याची वेळ निवडणे हा शहाणपणाच आहे. पण स्वतःच्या देहाविषयी आणि स्वतःच्या मरणाविषयी जाणून घेण्याचा त्या माणसाइतका हक्क दुसऱ्या कोणाला आहे? त्याला पापनिवेदन करायचे असेल, एखाद्या भावाशी समेट करायचा असेल, मृत्युपत्र लिहायचे असेल. ती संधी आपण त्याच्यापासून काढून घेतो. आणि बहुधा त्याला कळलेलेच असते. तो आपल्याला त्रास नको म्हणून गप्प असतो, आपण त्याला त्रास नको म्हणून गप्प असतो, आणि एका खोलीत दोन्हीकडून नाटक चालू राहते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून, आजाऱ्याला किती ऐकायचे आहे हे त्यालाच हळुवारपणे विचारून पाहावे.

आता पुन्हा इसहाकाच्या घराकडे. एसाव भावाला ठार मारण्याचे बोलू लागतो तेव्हा रिबेका याकोबाला आपल्या भावाकडे, लाबानाकडे हारानला पाठवते. नवऱ्याला मात्र ती खरे कारण सांगत नाही. हित्ती सुनांनी जीव नकोसा केला आहे, याकोबाला आपल्या माणसांतली मुलगी हवी, असे ती सांगते. त्यात काही खोटे नाही, एसावाच्या बायकांचा दोघांनाही त्रास होताच. पण ते अर्धेच सत्य. याकोबाला ती म्हणते, थोडे दिवस तिकडे राहा. ते थोडे दिवस २० वर्षांचे झाले. तिने लाडक्या मुलाला पुन्हा पाहिल्याची नोंद शास्त्रात कुठेही नाही.

हारानला याकोब सात वर्षे राहेलसाठी राबतो आणि अंधारात त्याला लेआ मिळते. सकाळी तो चिडतो तेव्हा लाबान शांतपणे सांगतो की आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची रीत नाही. थोरल्याच्या आधी पुढे सरकलेल्या माणसाला हे ऐकावे लागते! आणि उतारवयात त्याचीच मुले योसेफाचा झगा करडाच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे ठेवतात. करड्याच्या कातड्याने बापाला फसवले होते, करड्याच्या रक्ताने तो स्वतः फसतो. देवाने सूड घेतला, असे शास्त्र म्हणत नाही. मुलांनी घरात जे पाहिले तेच ती शिकली, एवढे म्हणायला हरकत नाही.

एक बारीकशी गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. २८व्या अध्यायाच्या सुरुवातीला, याकोब निघण्यापूर्वी, इसहाक त्याला पुन्हा बोलावतो. या वेळी समोर कोण आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. आणि तो त्याला आशीर्वाद देतो, तोही अब्राहामाला मिळालेला, वंशाचा आणि भूमीचा आशीर्वाद. कातडे नाही, उसने कपडे नाहीत, खोटे नाव नाही. जे चोरण्यासाठी घर फोडले, त्यातले सर्वात मोलाचे उघड्या हाताने दिले गेले. आधीच विचारले असते तर मिळाले असते का? इसहाकाचा हट्ट पाहता सांगता येत नाही. पण कोणी विचारूनच पाहिले नाही.

परत येताना, यब्बोक नदीकाठी, रात्रभर झुंजणारा तो गूढ पुरुष याकोबाला विचारतो: तुझे नाव काय? वीस वर्षांपूर्वी आंधळ्या बापाने जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. या वेळी तो खरे सांगतो: याकोब. त्यानंतरच त्याला नवे नाव मिळते. सकाळी तो लंगडत एसावापुढे जातो. साडेपाचशेहून अधिक जनावरांची भेट त्याने आधीच पुढे पाठवलेली असते. ती घे म्हणून आग्रह करताना तो जो हिब्रू शब्द वापरतो, तोच 'आशीर्वाद' या अर्थाचाही आहे. नेलेला आशीर्वाद तो भावाला परत देऊ पाहतो. आणि तरीही, मी तुझ्या मागोमाग सेईरला येतो असे भावाला सांगून तो सुक्कोथला निघून जातो. एका रात्रीत सगळी सवय सुटत नाही.

पापनिवेदनाविषयी एक गोष्ट या निमित्ताने. कोणाचे फसवून घेतले असेल, तर नुसते 'मी खोटे बोललो' एवढ्यावर ते पूर्ण होत नाही. शक्य तितकी भरपाई करणे हा पश्चात्तापाचा भाग आहे, जसे जक्कयाने चौपट परत देईन म्हटले. कोणाला कसे परत करावे हे कळत नसेल, किंवा ज्याचे घेतले तो हयात नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. मार्ग काढता येतो. बहिणीची सही घ्यायची असेल त्या घरांनी कागद आधी तिच्याकडे पाठवावा, तिला आठ दिवस द्यावेत आणि तिच्या ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्यायला सांगावे.

उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायाच्या शेवटच्या ओवीत इसहाक मरतो आणि एसाव व याकोब हे दोघे मुलगे मिळून त्याला मूठमाती देतात. त्या दिवशी ते एकमेकांशी काय बोलले, हे लिहिलेले नाही. पुढील रविवारी आपण ३७वा अध्याय घेऊ, योसेफाच्या झग्याचा. तो घरी, शक्यतो सगळ्यांनी मिळून, वाचून यावे.